एकाच ब्राउझरमध्ये बिघडणारं संकेतस्थळ : दोष शोधायचा कसा?

आज आपण एका अगदी रोजच्या तक्रारीकडे बघणार आहोत. "साइट सगळीकडे नीट चालते, पण अमुक ब्राउझरमध्ये चालत नाही." संकेतस्थळं बनवणाऱ्या प्रत्येकाने ही तक्रार ऐकलेली असते आणि वापरणाऱ्या बहुतेकांनी ती केलेली असते. तिला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : "दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा." या उत्तराने त्या माणसाचं त्या दिवसापुरतं काम होतं, पण दोष जागच्या जागी राहतो. शिवाय ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि त्यात एकच ब्राउझर आहे, तो मुकाट्याने परत जातो. तो तक्रारही करत नाही, म्हणून आपल्या हिशेबात येत नाही.

तर आज आपण तीन गोष्टी बघू. एकच पान दोन ब्राउझरांमध्ये वेगळं का वागतं, दोष कुठे आहे हे क्रमाक्रमाने कसं शोधायचं, आणि सापडल्यावर दुरुस्ती कशी करायची. ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांनीही थांबावं. शोधाची निम्मी पद्धत त्यांच्यासाठीही आहे.

पान वेगळं का वागतं?

सर्व्हरकडून आपल्याकडे येतो तो मुख्यतः मजकूर. त्यात तीन भाषा असतात. एचटीएमएल पानाचा सांगाडा सांगते, सीएसएस त्याचं रूप सांगते आणि जावास्क्रिप्ट त्याला हालचाल देते. हा मजकूर वाचून पडद्यावर पान उभं करणारा ब्राउझरमधला भाग म्हणजे इंजिन. ब्राउझरांची नावं पुष्कळ असली तरी आज इंजिनांची घराणी मुख्यतः तीनच आहेत. क्रोम, २०२० पासूनचा एज, ऑपेरा आणि ब्रेव्ह हे ब्लिंकचे. फायरफॉक्स गेकोचा. सफारी वेबकिटचा. ब्लिंक हीसुद्धा २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटलेली शाखा आहे, म्हणजे दोन घराणी चुलत भावंडंच म्हणा ना.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती पुढे लागणार आहे. अ‍ॅपलच्या नियमामुळे आयफोनवर क्रोम घेतला किंवा फायरफॉक्स घेतला, तरी आत इंजिन वेबकिटचंच असतं. २०२४ पासून युरोपीय संघात या नियमाला अपवाद झाला. आपल्याकडे तो लागू नाही. त्यामुळे "आयफोनवर क्रोममध्येही तसंच दिसतंय, म्हणजे सफारीचा दोष नाही" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. बाहेरची पाटी बदलली, स्वयंपाकघर तेच राहिलं.

मग ही तीन घराणी एकच मजकूर वेगळा का वाचतात? या भाषांची प्रमाणं लिहिलेली आहेत, आणि प्रमाणात जे स्पष्ट लिहिलं आहे त्याबाबत आज इंजिनांमध्ये बरंच एकमत आहे. वेगळेपण उरतं ते मुख्यतः तीन ठिकाणी. एक, नवी सोय एका इंजिनात आधी येते आणि दुसऱ्यात उशिरा. दोन, खुद्द इंजिनात दोष असतो. आणि तीन, ज्या गोष्टीबद्दल प्रमाणाने काहीच शब्द दिलेला नाही तिच्यावर आपलं पान विसंबून असतं. एका ब्राउझरने सवलत दिलेली असते, तीच आपण नियम समजून बसतो. हे तिसरं कारण ओळखायला सगळ्यात अवघड, म्हणून आजचं मुख्य उदाहरण त्याचंच घेऊ.

"मुदत संपली आहे"

समजा, एका महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जाचं पान आहे. शेवटची तारीख ३० जून २०२४, संध्याकाळी साडेपाच. पान बनवणाऱ्याने जावास्क्रिप्टमध्ये साधी अट लिहिली : आत्ताची वेळ शेवटच्या वेळेपेक्षा कमी असेल तर अर्ज दाखवा, नाहीतर "मुदत संपली आहे" असं दाखवा. शेवटची वेळ त्याने अशी लिहिली : "२०२४-०६-३० १७:३०", अर्थात इंग्रजी अंकांत. तारीख, मग एक मोकळी जागा, मग वेळ. क्रोममध्ये तपासलं. चाललं.

मुदतीला अजून आठ दिवस आहेत आणि एक विद्यार्थिनी जुन्या आयफोनवर पान उघडते. तिला दिसतं : मुदत संपली आहे. पान कुठेही मोडलेलं नाही. लाल अक्षरं नाहीत, रिकामी जागा नाही, रांगोळीसारखं विस्कटलेलं काही नाही. पान शांतपणे आणि अगदी नीटनेटकेपणाने खोटं सांगतंय. ती त्यावर विश्वास ठेवते आणि पान बंद करते. तिने का शंका घ्यावी?

आत काय झालं ते बघा. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात तारीख लिहिण्याचा एक साचा २००९ च्या पाचव्या आवृत्तीत ठरवून दिला आहे. त्यात तारीख आणि वेळ यांच्यामध्ये मोकळी जागा नसते, रोमन लिपीतलं मोठं 'टी' असतं. या साच्याबाहेरची तारीख आली तर काय करायचं, हे प्रमाणाने ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं. क्रोमने मोकळी जागा चालवून घेतली. सफारीच्या जुन्या आवृत्त्यांनी घेतली नाही; त्यांनी "ही तारीख नाही" असं ठरवलं. आता जी तारीखच नाही तिच्याशी कशाची तुलना केली, तर उत्तर कायम 'नाही' असंच येतं. आत्ताची वेळ तिच्यापेक्षा कमी आहे का? नाही. मग पान 'नाहीतर' या वाटेने गेलं आणि मुदत संपल्याचं सांगून मोकळं झालं. उलट प्रश्न विचारला असता, की आत्ताची वेळ तिच्यापेक्षा जास्त आहे का, तर त्याचंही उत्तर 'नाही' असंच आलं असतं.

आता दोष कोणाचा? सफारीने नियम मोडला नाही. क्रोमनेही मोडला नाही. पान बनवणारा मात्र अशा गोष्टीवर विसंबला जिची हमी कोणी दिलेली नव्हती. म्हणूनच "चालतंय" आणि "बरोबर आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते कळायला दुसरा ब्राउझर लागतो. दोन ब्राउझरांत फरक दिसला की आपण वैतागतो, पण तो फरक हा आपल्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा असतो. फरक नसता, तर शोध सुरू कुठून करणार?

शोधाचा क्रम

पहिली पायरी : तक्रार पूर्ण लिहून घ्या. "साइट चालत नाही" ही तक्रार अपुरी आहे. कोणतं उपकरण, कोणता ब्राउझर, कोणती आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढ्या गोष्टी हव्यात. पडद्याचं चित्र मिळालं तर उत्तम. आपल्या विद्यार्थिनीने "अर्ज भरता येत नाही" एवढंच कळवलं, तर आपण सर्व्हर तपासत बसू. तिने "मुदत संपली असं दिसतंय, आयफोन, सफारी" असं कळवलं, तर शोध निम्मा झाला.

दुसरी पायरी : तोच ब्राउझर, पण खासगी खिडकी. क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात. या खिडकीत आधी साठवलेल्या फायली आणि कुकीज नसतात, आणि एक्स्टेन्शन्सही सहसा बंद असतात. तिथे पान नीट चाललं, तर इंजिनाला दोष देऊ नका. कारण त्या माणसाच्या ब्राउझरमध्ये साठलेल्या कशात तरी आहे. मग एक्स्टेन्शन्स अर्धी बंद करून बघा, मग उरलेली अर्धी.

इथे एक मराठीतच जन्माला येणारा घोटाळा सांगतो. नोकरभरतीच्या सूचनेला आपण 'जाहिरात' म्हणतो. पान बनवणारा त्याचं सरळ भाषांतर करून भरतीच्या सगळ्या फायली 'अ‍ॅड्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन्स पत्त्यातली अशी नावं बघूनच फायली अडवतात. झालं! ज्याच्या ब्राउझरमध्ये असं एक्स्टेन्शन आहे त्याला भरतीची सूचनाच दिसत नाही. तो म्हणतो फायरफॉक्स बिघडलाय, आणि शेजारचा म्हणतो माझ्या फायरफॉक्समध्ये तर दिसतंय. दोघंही खरं बोलत असतात.

तिसरी पायरी : घराणं ठरवा. क्रोममध्ये बिघडतं, तर एजमध्ये बघा. दोन्हीकडे बिघडलं आणि फायरफॉक्समध्ये चाललं, तर संशय ब्लिंककडे वळवा. क्रोममध्येच बिघडलं आणि एजमध्ये चाललं, तर इंजिन एकच असल्यामुळे कारण सेटिंगमध्ये, एक्स्टेन्शनमध्ये किंवा आवृत्तीत शोधा. वेबकिट तपासायला अ‍ॅपलचं यंत्र नसेल, तर लिनक्सवरचा ग्नोम वेब हा ब्राउझर वेबकिटवर चालतो. तो हुबेहूब सफारी नाही, पण पहिला अंदाज बांधायला पुरतो.

चौथी पायरी : कन्सोल उघडा. संगणकावर बहुतेक ब्राउझरांत एफ-१२ दाबलं की विकसकांची साधनं उघडतात. सफारीत मात्र ती आधी सेटिंगमधून सुरू करावी लागतात. कन्सोलमध्ये लाल ओळी असतील, तर पहिली लाल ओळ वाचा. शेवटची नव्हे. पुढच्या बऱ्याचशा ओळी पहिलीची पिल्लं असतात.

हे वाचताना तिन्ही भाषांचे स्वभाव माहीत हवेत. एचटीएमएल क्षमाशील आहे. अनोळखी खूण आली तरी ती आतला मजकूर दाखवते. सीएसएसला एखादी ओळ कळली नाही तर ती ओळ गुपचूप सोडून देते आणि पुढे जाते. जावास्क्रिप्ट मात्र कडक आहे. तिला फाइलीत एक जरी न समजणारं चिन्ह दिसलं, तर ती फाइल मुळी चालवतच नाही. म्हणून जुन्या ब्राउझरमध्ये पान थोडंसं वाकडं दिसत असेल तर सीएसएसकडे बघा, आणि एकही बटण दाबलं जात नसेल तर जावास्क्रिप्टकडे. अर्थात आपल्या मुदतीच्या उदाहरणात कन्सोल कोराच राहतो, कारण चुकीची तारीख तयार होणं ही जावास्क्रिप्टच्या लेखी चूकच नाही. कन्सोल कोरा आहे म्हणजे दोष नाही, असं समजू नका.

पाचवी पायरी : नेटवर्कचा कप्पा बघा. सगळ्या फायली आल्या का? कुकी पोहोचली का? हे नेहमीचं प्रकरण आहे : एका संकेतस्थळाच्या चौकटीत दुसऱ्या संकेतस्थळाचं लॉगिन बसवलेलं असतं. क्रोममध्ये चालतं, सफारीत नाव आणि पासवर्ड दिल्यावर पुन्हा लॉगिनचंच पान येतं, कितीही वेळा प्रयत्न करा. सफारी मार्च २०२० पासून अशा तिसऱ्या पक्षाच्या कुकीज मुळातूनच अडवतो. इथे सफारी बिघडलेला नाही; तो माग काढणाऱ्यांपासून वापरणाऱ्याचं रक्षण करतोय. उपाय आपल्या रचनेत करावा लागतो.

सहावी पायरी : निम्मं करत जा. एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर पानाची प्रत काढा आणि अर्धा भाग उडवा. दोष उरला का? उरला असेल तर तो राहिलेल्या अर्ध्यात आहे. गेला असेल तर उडवलेल्या अर्ध्यात. पुन्हा अर्धं करा. १०२४ ओळींची फाइल दहा फेऱ्यांत एका ओळीवर येते. प्रत्यक्षात ओळी एकमेकींवर अवलंबून असल्याने इतकं सरळ जात नाही, पण तासभर डोळे फाडून बघण्यापेक्षा लवकर होतं. शेवटी पाच-सात ओळींचं एक छोटं पान हाती राहतं, जे एका ब्राउझरमध्ये चालतं आणि दुसऱ्यात नाही. हे छोटं पान जपून ठेवा. दोष खरोखर इंजिनाचा निघाला, तर वेबकिट, मोझिला आणि क्रोमियम या तिघांच्याही दोषनोंदी सर्वांना खुल्या आहेत, आणि तिथे हेच छोटं पान मागतात.

दुरुस्ती करताना

कारण सापडलं की सगळ्यात सोपा मोह होतो : "सफारी असेल तर हे कर, नाहीतर ते कर." हा मोह टाळा. ब्राउझर स्वतःचं जे नाव सर्व्हरला सांगतो त्यावर विसंबण्याचा इतिहास बराच गमतीदार आहे. आजचा क्रोम स्वतःची ओळख करून देताना मोझिला, केएचटीएमएल, गेको आणि सफारी अशी सगळी नावं घेतो. का, तर पूर्वी संकेतस्थळं ठरावीक नाव दिसलं तरच चांगलं पान देत असत, म्हणून प्रत्येक नव्या ब्राउझरने आधीच्यांची नावं लावून घेतली. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली, तेव्हा काही संकेतस्थळं आवृत्तीचा पहिलाच अंक वाचत होती आणि तिला पहिली आवृत्ती समजत होती. शेवटी ऑपेराला जुन्या जागी ९.८० हाच आकडा कायम ठेवून खरा आकडा ओळखीच्या शेवटी लिहावा लागला. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोहोचले, तेव्हा हीच भीती तीन अंकांबद्दल होती.

म्हणून नाव विचारू नका, क्षमता विचारा. जावास्क्रिप्टमध्ये अमुक सोय आहे का हे थेट तपासता येतं, आणि सीएसएसमध्ये त्यासाठी 'सपोर्ट्स' हा नियम आहे. त्याहून चांगलं म्हणजे जे प्रमाणात लिहिलं आहे तेच लिहिणं, म्हणजे बरेचदा तपासावंच लागत नाही.

आपल्या मुदतीचं बघू. मोकळ्या जागेऐवजी 'टी' लिहिलं, काम झालं का? अर्धंच झालं. तारखेला वेळेचा पट्टा जोडलेला नसेल, तर ब्राउझर ती वेळ त्या उपकरणाच्या घड्याळाप्रमाणे धरतो. दुबईत बसलेल्या अर्जदाराच्या फोनवर साडेपाच म्हणजे दुबईचे साडेपाच, तेव्हा भारतात सात वाजलेले असतात. त्याला दीड तास जास्त अर्ज उघडा दिसेल, आणि तो भरून पाठवेल तेव्हा सर्व्हर नाकारेल. म्हणून शेवटी भारताचा पट्टा, म्हणजे अधिक ०५:३०, स्पष्ट लिहायचा. वेळ न लिहिता नुसती तारीख लिहिली, तर ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र धरली जाते, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. कुठलीही वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेली दिसली, तर कारण बहुधा हेच असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुदत संपली की नाही हा निर्णय सर्व्हरने घ्यावा. ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे. ती चुकली, तर अर्ज दाखवण्याच्या बाजूने चुकावी, दार बंद करण्याच्या बाजूने नव्हे. तारीख वाचता आली नाही तर फॉर्म उघडाच ठेवा. सर्व्हर बघून घेईल.

एका ब्राउझरवर भरवसा ठेवण्याची किंमत

हे सगळं कशासाठी? "आमचे बहुतेक लोक क्रोमच वापरतात" हे आपण नेहमी ऐकतो. मराठीने याची किंमत एकदा मोजलेली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढची काही वर्षं अनेक मराठी संकेतस्थळं युनिकोडमध्ये नव्हती. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरले जात, आणि ते वाचकाकडे आपोआप पोहोचवण्याची एक सोय इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये होती. 'बहुतेक लोक' तोच वापरत होते. फायरफॉक्समध्ये तीच बातमी उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा दिसे. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारं 'पद्मा' नावाचं एक एक्स्टेन्शन त्या काळात लोक फायरफॉक्समध्ये बसवून घेत. तो मजकूर मराठीत शोध घेऊन सापडतही नसे, कारण संगणकाच्या लेखी तो मराठी नव्हताच. पुढे १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार विंडोज १० च्या नेहमीच्या आवृत्त्यांवरून काढून घेतला. ब्राउझर गेला, त्याच्या भरवशावर लिहिलेल्या पानांचं जे व्हायचं तेच झालं.

तेव्हा एक छोटी सवय लावून घेऊ. कुठलंही पान लोकांसमोर ठेवण्याआधी तीन घराण्यांत एकदा उघडायचं, त्यातलं एक तरी स्वस्त किंवा जुन्या फोनवर. नुसतं दिसतंय का एवढंच बघायचं नाही. फॉर्म भरून, पाठवून, पावती येईपर्यंत जायचं. आणि ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांनी पान बिघडलं तर उपकरण, ब्राउझर, आवृत्ती आणि पडद्याचं चित्र एवढं कळवायचं. मुदतीचं पान "संपली आहे" म्हणालं आणि तारीख तर पुढची आहे, तर पानावर विश्वास न ठेवता दुसऱ्या उपकरणावर बघायचं आणि कार्यालयात फोन करायचा.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ या.